अधांतरी तरंगणारी चकती आणि एमआरआयची खोली

कडा, धानोरा, आष्टी या पट्ट्यातल्या माणसाला एमआरआय करायचा झाला की अहिल्यानगर किंवा बीड गाठावे लागते. तिथे पोचल्यावर पहिला बराच वेळ अंगावरच्या वस्तू उतरवण्यात जातो. जोडवी, मंगळसूत्र, साडीच्या पिना, केसांतले आकडे, खिशातली नाणी, किल्ल्या, चंचीतला अडकित्ता, मोबाइल असे सगळे बाहेर ठेवावे लागते. सोबत आलेला मुलगा किंवा भाऊ हमखास म्हणतो, ‘‘मशीन कुठं चालू झालीय अजून? तोवर आईला आत नेऊन नीट झोपवतो की.’’ तंत्रज्ञ ठामपणे नाही म्हणतो आणि नातेवाइकांना ती उगाचची अडवणूक वाटते.

पण तंत्रज्ञाचे म्हणणे शब्दशः खरे असते. तपासणी सुरू व्हायची असली तरी त्या यंत्रातले चुंबक आधीपासून पूर्ण ताकदीने चालू असते. रात्री केंद्राला कुलूप लागते तेव्हाही ते चालू असते, रविवारी असते आणि दिवाळीच्या पाडव्यालाही असते. त्याच्या वेटोळ्यात फिरणारा विजेचा प्रवाह यंत्र बसवताना एकदा भरला जातो. मग पुरवठ्याची तार काढून घेतात, तरीही प्रवाह वर्षानुवर्षे फिरतच राहतो.

हे कसे शक्य होते, याचे उत्तर सुपरकंडक्टर या पदार्थांत आहे. मराठीत त्यांना अतिसंवाहक म्हणतात. विज्ञान प्रदर्शनात पांढऱ्या धुरात एक काळी चकती आणि तिच्यावर अधांतरी तरंगणारे चुंबक अनेकांनी पाहिले असेल. तो खेळ आणि एमआरआयचे चुंबक या दोन्हींच्या मुळाशी हाच गुण आहे. तरंगणे समजले की एमआरआयच्या दारावरची पाटीही नीट समजते.

अडथळाच नाहीसा होतो

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण एका दिशेने सरकत असतात. वाटेत ते धातूतल्या थरथरणाऱ्या अणूंमुळे आणि धातूतल्या दोषांमुळे सतत अडखळतात. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. विहिरीवरच्या मोटारीची केबल तापते ती या रोधामुळेच. म्हणून पुरवठा तोडला की प्रवाह क्षणार्धात संपतो.

नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्स या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये हेलियम वायू द्रवरूप केला. त्यासाठी तापमान उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत खाली न्यावे लागले. ८ एप्रिल १९११ रोजी त्याच्या प्रयोगशाळेत इतक्या थंडीत पाऱ्याचा रोध मोजला गेला, तेव्हा तो एकाएकी नाहीसा झालेला आढळला. रोध नुसता कमी झाला नव्हता, तो मोजताच येत नव्हता. ओन्सला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यामागचे कारण कळायला १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी दाखवले की, पुरेशा थंडीत इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोड्या करतात आणि या असंख्य जोड्या एकाच लयीत चालतात. आठवडे बाजारात एकटा माणूस धक्के खात पुढे सरकतो. दिंडीत मात्र सगळ्यांची पावले एका तालावर पडतात आणि वाटेतल्या एखाद्या खड्ड्याने अख्ख्या दिंडीचा ताल मोडत नाही. अतिसंवाहकातले इलेक्ट्रॉन दिंडीसारखे वागतात. तापमान वाढले की अणूंची थरथर जोड्या मोडते आणि पुन्हा बाजार सुरू होतो.

चकती तरंगते कशी?

प्रदर्शनातली काळी चकती इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची असते. हे संयुग १९८७ मध्ये सापडले. ते उणे १८० अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होते, त्यामुळे महागड्या हेलियमऐवजी द्रवरूप नायट्रोजनवर भागते. उणे १९६ अंशांचा हा द्रव दूधधंद्यातल्या शेतकऱ्यांनी पाहिलेला असतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात, त्यात हाच नायट्रोजन असतो. झाकण उघडल्यावर बाहेर येणारा पांढरा धूर म्हणजे गारठ्यामुळे हवेतल्या बाष्पाचे झालेले धुके. हा द्रव त्वचेला भाजल्यासारखी इजा करतो आणि बंद खोलीत त्याचा वायू झाला तर ऑक्सिजन कमी पडतो. म्हणून हा प्रयोग घरी करून पाहण्याचा नाही.

चकती पुरेशी गार झाली की तिच्यावर ठेवलेले चुंबक तिला न टेकता अधांतरी राहते. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये वाल्टर माइस्नर आणि रॉबर्ट ऑक्सनफेल्ड यांना दिसले की, अतिसंवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्या पोटात राहू देत नाही. पदार्थ गार होण्याआधी क्षेत्र आत असले तरी गार होताच ते बाहेर ढकलले जाते. निव्वळ रोध शून्य असल्याने हे घडले नसते. रोध नसलेल्या साध्या धातूने आत असलेले क्षेत्र आहे तसे सांभाळून ठेवले असते. म्हणून क्षेत्र बाहेर घालवणे हा अतिसंवाहकाचा दुसरा, स्वतंत्र गुण मानतात.

क्षेत्र बाहेर घालवण्यासाठी चकतीच्या पृष्ठभागावर प्रवाह आपोआप सुरू होतात. ते मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही पातळ थरात वाहतात. त्यांचे स्वतःचे चुंबकत्व बाहेरच्या चुंबकाच्या बरोबर उलट असते. रोध नसल्याने हे प्रवाह थकत नाहीत. ओढ्यातल्या धोंड्याला पाणी वळसा घालून जाते, तशा चुंबकीय रेषा चकतीला वळसा घालतात. वरचे चुंबक आणि खालची चकती यांच्या मधल्या फटीत त्या दाटतात आणि दाबलेल्या स्प्रिंगसारख्या दोघांना दूर लोटतात. हा रेटा चुंबकाच्या वजनाइतका झाला की ते तिथे थांबते. बोटाने जरा खाली दाबले तर रेषा आणखी दाटतात, रेटा वाढतो आणि बोट काढताच चुंबक पुन्हा वर येते.

निसटत का नाही?

येथे एक शंका रास्त आहे. दोन साधी चुंबके उत्तर ध्रुवासमोर उत्तर ध्रुव अशी धरली तरी एकमेकांना लोटतात. मग वरचे चुंबक तसेच का तरंगत नाही? करून पाहिले की कळते. ते एका बाजूला घसरते किंवा उलटे होऊन खाडकन चिकटते. नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर वस्तू अधांतरी टिकवता येत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच गणिताने सिद्ध केले होते.

अतिसंवाहक या नियमातून सुटतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे प्रवाह समोरच्या चुंबकाच्या हालचालीप्रमाणे बदलत राहतात. त्यात काळ्या चकतीचा आणखी एक विशेष आहे. क्षेत्र एका मर्यादेपलीकडे गेले की ती सगळ्या रेषा बाहेर ठेवत नाही. काही रेषा बारीक दोऱ्यांसारख्या तिच्यातून आरपार जातात. हे दोरे पदार्थातल्या सूक्ष्म दोषांपाशी अडकून बसतात. गोधडीत टाके घातले की थर सरकत नाहीत, तसे हे टाके चुंबक आणि चकती यांना ठरावीक अंतरावर बांधून ठेवतात. त्यामुळे चकती गोल पट्टीवर घसरत फिरते, पण पट्टी सोडत नाही. सगळी मांडणी उलटी केली तर ती चुंबकाच्या खालीही लटकून राहते. वर लोटले जाणे आणि जागेवर टाचले जाणे या दोन्ही गोष्टी मिळून तो खेळ होतो.

तरंगला म्हणून अतिसंवाहक नव्हे

तरंगणारी प्रत्येक वस्तू अतिसंवाहक नसते. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखेन येथे आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्ला इतक्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला. बेडकात कसलाही चमत्कार नव्हता. पाणी चुंबकाला अगदी किंचित दूर लोटते आणि प्राण्याचे शरीर बहुतांशी पाणीच असते. माणसाचे शरीरही तसेच आहे, पण नेहमीच्या दीड टेस्लाच्या एमआरआयमध्ये हा रेटा इतका क्षीण असतो की रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून एलके-९९ नावाच्या पदार्थाचा बोलबाला झाला. एका कडेवर उभा राहिलेला त्याचा तुकडा चित्रफितीत दिसला आणि साध्या हवेच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक सापडला, असे जगभर पसरले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून तपासला गेला. तो अतिसंवाहक निघाला नाही. सामान्य तापमानाला आणि सामान्य दाबाला चालणारा, सर्वमान्य झालेला अतिसंवाहक आजही कोणाच्या हाती नाही.

चुंबकाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या गाद्या, पट्टे आणि कडी यांच्या बाबतीतही हा सावधपणा हवा. रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्त खेचून घेतो आणि दुखणे जाते, असे विक्रेते सांगतात. रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये अणूच्या रूपात बांधलेले असते, खिळ्यासारखे नसते. ऑक्सिजन घेतलेले रक्त तर चुंबकाला किंचित दूरच लोटते. एमआरआयच्या कितीतरी तीव्र चुंबकात झोपूनही रक्त एका जागी गोळा होत नाही. मग गादीत शिवलेल्या चकत्यांकडून ते काम कसे होणार?

तरंगण्यापासून कामापर्यंत

अतिसंवाहकाचे काम लांबच्या आगगाडीतही दिसते. जपानच्या यामानाशी प्रांतात २१ एप्रिल २०१५ रोजी चाचणीच्या गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला. त्या गाडीत नायोबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूची, हेलियमने गार ठेवलेली चुंबके आहेत. प्रदर्शनातल्या चकतीपेक्षा तिची रीत मात्र वेगळी आहे. गाडी धावू लागली की तिच्या चुंबकांमुळे दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या वेटोळ्यांत प्रवाह निर्माण होतो आणि तो गाडीला सुमारे १० सेंटिमीटर उचलून धरतो. ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेग येईपर्यंत ती रबरी चाकांवरच धावते. सप्टेंबर २०२२ पासून कडा स्थानकावरून धावू लागलेली अहिल्यानगर–आष्टी गाडी असो की मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन, या दोन्ही रुळांवरच्याच गाड्या. चुंबकावर तरंगणारी प्रवासी गाडी भारतात अजून कुठेही नाही.

या पदार्थांच्या शोधात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांमधली अतिसंवाहकता तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवली आणि ते काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०१६ मध्ये एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथही अतिसंवाहक होतो, हे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्यासाठी तो निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०००५३ अंशांपर्यंत गार करावा लागला. आम्लपित्त आणि जुलाबाच्या काही औषधांत ज्याचे क्षार असतात, तोच हा बिस्मथ.

पण सर्वसामान्य माणसाची अतिसंवाहकाशी गाठ पडते ती एमआरआयमध्येच. शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके स्वतःच सूक्ष्म चुंबकांसारखी असतात. तीव्र क्षेत्रात त्यांतली थोडी जास्त केंद्रके एका दिशेला कलतात. रेडिओ लहरींनी त्यांना हलवले की ती क्षीण संदेश परत देतात आणि त्या संदेशांवरून संगणक चित्र रचतो. या पद्धतीसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. यात क्षकिरण नसतात. क्षेत्र मात्र तीव्र आणि अतिशय स्थिर लागते. दीड टेस्ला म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३५ हजार पट. माणूस मावेल एवढ्या जागेत हे क्षेत्र तांब्याच्या तारेने सतत टिकवायचे तर विजेचा आणि उष्णतेचा हिशेब आवाक्याबाहेर जाईल. म्हणून नायोबियम-टायटेनियमच्या तारेची किलोमीटरच्या किलोमीटर वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवतात.

प्रवाह टिकवायला वीज लागत नाही, पण थंडी टिकवायला लागते. तपासणी चालू नसतानाही एमआरआयच्या खोलीत जी लयबद्ध चिक्-चिक् ऐकू येते, तो शीतक यंत्राचा आवाज असतो. वीज दीर्घकाळ गेली तर हेलियम उडून जाऊ लागतो. लोडशेडिंग असलेल्या भागात असे यंत्र चालवणे अवघड आणि खर्चिक का होते, याचे एक कारण हे आहे. हेलियम आपल्याला बाहेरून आणावा लागतो. गंमत अशी की, या वायूची पहिली खूण १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी भारतातून केलेल्या निरीक्षणांशी जोडलेली आहे. कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर स्थानिक लोक त्याची आठवण म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. आता अगदी कमी हेलियमवर चालणारी यंत्रे आली आहेत आणि मुंबईतल्या पवईची ‘समीर’ ही सरकारी संशोधन संस्था देशी बनावटीच्या दीड टेस्ला एमआरआयवर काम करते आहे. ही यंत्रे स्वस्त आणि सोपी झाली तर तालुक्याच्या माणसाचा प्रवास वाचेल.

दारावरची पाटी

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या ३२ वर्षांच्या नातेवाइकाने ऑक्सिजनचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेले. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचले आणि त्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद आहे असे सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. तपासणी सुरू नसेलही, पण चुंबक सुरूच होते.

चुंबकाची ओढ अंतराबरोबर हळूहळू वाढत नाही. दारापाशी हाताला काहीच जाणवत नाही आणि दोन-तीन पावलांत लोखंडी वस्तू हातातून हिसकावली जाते. बटण दाबून हे क्षेत्र झटकन घालवता येत नाही. जीव वाचवण्यासाठी एक आणीबाणीची कळ असते. ती दाबली की वेटोळे तापते, अतिसंवाहकता जाते आणि द्रवरूप हेलियमचा सुमारे ७०० पट आकारमानाचा वायू होऊन नळीवाटे इमारतीबाहेर पडतो. त्यालाही थोडा वेळ लागतो. त्यानंतर हेलियम भरून चुंबक पुन्हा उभे करायला दिवस आणि लाखो रुपये जातात. ही कळ दाबायचा निर्णय फक्त तिथल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा.

लोखंडी चाकाची खुर्ची, स्ट्रेचर, सिलिंडर, काठी या वस्तू कोणत्याही कारणाने आत नेऊ नयेत. सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही, पण दागिन्यांत प्रवाह निर्माण होऊन ते तापू शकतात आणि चित्रही बिघडते. म्हणून जोडवी निघत नसतील तर आधीच सांगावे. छातीत पेसमेकर, कानात बसवलेले यंत्र, मेंदूच्या रक्तवाहिनीवरची क्लिप असेल तर ते चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावे आणि केंद्रातही सांगावे. नव्या पेसमेकरपैकी काही ठरावीक काळजी घेऊन एमआरआयला चालतात. हाडातल्या बऱ्याच पट्ट्या, हृदयातले स्टेंट आणि तांबी यांमुळे सहसा अडचण येत नाही. तरी नक्की काय बसवले आहे ते जुन्या ऑपरेशनच्या कागदांवरून ठरते, म्हणून ते कागद सोबत न्यावेत.

वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. वर्षांपूर्वी डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण आतच राहिला असेल तर चुंबकात तो हलून दृष्टी जाऊ शकते. हे सांगितले की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून खात्री करता येते. आणि हे सगळे प्रश्न रुग्णासोबत आत जाणाऱ्या नातेवाइकालाही लागू आहेत. तो तपासणीला झोपणार नसला तरी चुंबकाच्या ओढीत तोही येतोच.